पुढच्या चाकांचा लॉकर

मी भित्रा माणूस आहे. लालबागच्या आमच्या चाळीत, निदान आमच्या मजल्यावर, ही काही नवी बातमी नाही. गॅस बंद केला की नाही ते बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत वर येतो. सिग्नल आपल्या बाजूचा असला तरी समोरच्या ड्रायव्हरचा चेहरा बघितल्याशिवाय रस्ता ओलांडत नाही. सगळी नोकरी विम्याच्या ऑफिसात झाली, त्यामुळे माणसाचं काय काय होऊ शकतं याची माझ्याकडे भरपूर माहिती आहे, आणि निवृत्त झाल्यापासून ती ऐकून घ्यायला घरातल्या दोघींशिवाय कोणी उरलेलं नाही. एक बायको आणि एक मुलगी. त्यातल्या मुलीने डोंगर चढणारी गाडी घेतली.

चारही चाकांना ताकद पोचते अशी ती उंच, बोजड गाडी चाळीच्या अंगणात पहिल्यांदा येऊन उभी राहिली, तेव्हा शेजारच्या काकी कठड्यावरून वाकून म्हणाल्या, “बाय माझे, ह्या गाडयेत चढूक शिडी व्हयी.” सगळा मजला हसला. मला हसू आलं नाही. उंच गाडी कलंडते, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं.

मुलगी लोअर परळला एका कंपनीत कंप्युटरवर काम करते. आठवडाभर खुर्चीत बसायचं आणि रविवारी ह्या गाडीच्या ग्रुपबरोबर कर्जतच्या पुढे एका माळावर जायचं, असं तिचं सुरू झालं. तिथे खड्डे आहेत, ओढा आहे, दगडांचे चढ आहेत. लोक आपल्या चांगल्या गाड्या घेऊन त्यात शिरतात. रस्ता नाही म्हणून नव्हे, शेजारी रस्ता असतानाही. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. गाडी उलटेल आणि पोरगी आत असेल, हे एकच चित्र माझ्या डोक्यात बसलं आणि ते कशानेही हलेना. जेवताना तेच, पेपर वाचताना तेच.

तोडगा बायकोने काढला. ती शाळेत शिकवते, घाबरट मुलांची तिला सवय आहे. “इथे गॅलरीत येरझारा घालून माझं डोकं उठवता, त्यापेक्षा जा ना तिच्यासोबत,” ती म्हणाली. मुलगीही हो म्हणाली, फक्त जरा थांबून म्हणाली. त्या थांबण्याकडे मी लक्ष दिलं नाही. बाप शेजारी असला की तिलाही धीर वाटत असणार, असं मी स्वतःच ठरवून टाकलं.

मग मी दर रविवारी तिच्या डाव्या हाताला, जीव मुठीत धरून बसायला लागलो. दारावरचं हँडल मी असं पकडायचो की ती म्हणायची, “पप्पा, ते उपटून हातात येईल हां.” गाडी एका बाजूला कलली की मी दुसऱ्या बाजूला कलायचो, जसं काही माझ्या वजनाने ती सरळ होणार होती. तिला मात्र गंमत वाटायची. आठवडाभर दमलेला तिचा चेहरा त्या माळावर असा काही खुलायचा की मला गप्प बसावं लागायचं.

आता मंडळातल्या माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढे मी जे केलं ते नुसतं वेड्यासारखं वाटेल.

आमच्या गल्लीचा गणपती लोखंडी ट्रॉलीवरून चौपाटीला जातो. ट्रॉलीला इंजिन नाही आणि ब्रेकही नाही. ढकलतात माणसं आणि थांबवतातही माणसंच. थांबवायचं काम चाकाजवळच्या लोकांकडे असतं. प्रत्येकाच्या हातात दांडा ठोकलेला लाकडी ठोकळा. पुढून शिट्टी आली की तो चाकाखाली सारायचा, पुन्हा शिट्टी आली की ओढून घ्यायचा. मागचं डावं चाक माझ्याकडे होतं, लग्नाच्या आधीपासून ते साठी उलटेपर्यंत. चाकवाल्याने बाप्पाकडे बघायचं नाही, नाचणाऱ्यांकडे बघायचं नाही, फक्त चाकाकडे बघायचं, असं मला माझ्या आधीच्या चाकवाल्याने बजावलं होतं. त्यामुळे जी मिरवणूक बघायला लोक कुठून कुठून येतात, तिच्यात मी इतकी वर्षं एक चाक बघत चौपाटीला गेलो. पण तिथे मला कोणी भित्रा म्हणून हसलं नाही. चाकाजवळ भित्राच माणूस लागतो. पुलाच्या चढावर ढकलणाऱ्यांचा दम संपला आणि ट्रॉली मागे यायला लागली, की विचार करायला वेळ नसतो. हात आपोआप चाकाखाली जातो.

तर गणपती नुकतेच होऊन गेले होते. माळावरची माती अजून ओली होती. त्या रविवारी एका चढावर मुलीने गाडी घातली. चढ फार मोठा नव्हता, पण लाल, चिकट मातीचा होता आणि मधून पाण्याने घळ कापलेली होती. तिने मागच्या चाकांचा लॉकर लावला. तो गाडीबरोबर कंपनीनेच दिलेला होता. तो लावला की मागची दोन्ही चाकं एकमेकांना बांधल्यासारखी फिरतात, एक चाक नुसतं गरगरत बसत नाही, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं. पुढच्या चाकांना तसा लॉकर नव्हता.

गाडी अर्ध्यावर गेली आणि पुढचं उजवं चाक घळीवर अधांतरी आलं. ते हवेत फिरायला लागलं. पुढचं डावं जमिनीवर होतं, पण ढिम्म. मागची दोन्ही मातीत घसरत होती. मुलीने ब्रेक दाबला, आणि ब्रेक दाबलेला असतानाच गाडी मागे सरकली.

पुढचं मी ठरवून केल्याचं मला आठवत नाही. मी पट्टा सोडला, दार उघडलं, खाली उतरलो, घळीतला एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि गाडीच्या मागे जाऊन मागच्या डाव्या चाकाखाली घातला. वरून ग्रुपचा म्होरक्या ओरडत होता, “काका, बाजूला व्हा, बाजूला व्हा!” मला ते ऐकू येत होतं, पण ते माझ्यासाठी आहे असं वाटत नव्हतं. चाक दगडावर चढलं. दगड मातीत थोडा घसरला, त्याच्याबरोबर गाडी आणि मीही घसरलो. टायरच्या खाचेत अडकलेला एक खडा मला दिसत होता, इतकं ते चाक माझ्या तोंडाजवळ होतं. मग दगड रुतला आणि गाडी थांबली.

आधीच वर पोचलेल्या ग्रुपच्या एका गाडीने ओढायचा पट्टा लावून आमची गाडी वर घेतली. मला दोन-चार जणांनी पाणी दिलं. मुलगी गाडीतून उतरली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती समोर बघत बसली होती.

परतीच्या वाटेवर पनवेल गेलं, शीव गेलं, परळ आलं, तरी ती एक शब्द बोलली नाही. चढाला घाबरली, असं मी धरून चाललो. खरं सांगतो, मला मनातून बरं वाटत होतं. पोरगी एकदाची घाबरली, आता गाडी विकेल, आपण सुटलो. घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, आईने वाढलेलं ताट समोर ओढलं आणि म्हणाली, “मी फ्रंट लॉकर बसवून घेणार आहे.”

असल्या गाड्यांचं एक गॅरेज शीवच्या पुढे आहे. आम्ही दोघं तिथे गेलो. मालक इंजिनिअर, तिशीतला, गोड बोलणारा. त्याने एका गाडीची पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलून ठेवली होती. मला म्हणाला, “काका, हे चाक हाताने फिरवा.” मी फिरवलं, तर पलीकडचं चाक उलट्या दिशेने फिरलं.

“ह्या दोघांच्या मधे तो गोल डबा दिसतो ना, तो डिफरन्शियल,” तो म्हणाला. “वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळायचं असतं, आतल्याला कमी. हा दोघांना वेगवेगळं पळू देतो. रस्त्यावर ह्याच्यासारखा देवमाणूस नाही. पण एक चाक हवेत गेलं, की सगळी ताकद त्या रिकाम्या चाकात वाया जाते आणि जमिनीवरचं नुसतं बसून राहतं.”

मी म्हटलं, आमच्या मंडळातही असंच आहे, जो हवेत असतो तोच जास्त फिरतो. तो हसला. मुलगी हसली नाही.

मग दुसऱ्या एका गाडीपाशी त्याने आम्हाला नेलं. तीही जॅकवर होती आणि तिला पुढचा लॉकर बसवलेला होता. त्याने बटण दाबलं, कुठेतरी हवेचा कम्प्रेसर घरघरला आणि टक् असा आवाज आला. आता मी चाक फिरवलं तर ते जड लागलं, आणि पलीकडचंही माझ्याच दिशेने फिरलं.

“आणि वळायचं असेल तर?” मी विचारलं.

“तर बंद करायचा. लावलेला असताना स्टिअरिंग जड होतं, गाडी सरळच जायला बघते. आणि आडव्या उतारावर, म्हणजे गाडीची एक बाजू वर, एक खाली असताना, तर लावायचाच नाही. दोन्ही चाकांची पकड एकदम सुटली तर गाडीचं तोंड खाली घसरतं.”

“आणि बंद करायला विसरलं तर?”

“विसरायचं नाही, काका.”

विसरायचं नाही म्हणणाऱ्यांचेच क्लेम आमच्या ऑफिसात यायचे. माझं धाबं दणाणलं. पण तो माणूस प्रामाणिक निघाला. मुलीला म्हणाला, “ताई, खरं सांगू का, तुमच्या वापराला मागचा पुरे आहे. टायर चांगले घाला, हवा कमी करून चढा. पुढचा लॉकर म्हणजे फारच वेड्यावाकड्या जागी जाणाऱ्यांचं काम.” मुलगी म्हणाली, “तरी मला पाहिजे.” शनिवारपर्यंत नक्की सांगा म्हणजे मागवतो, असं ठरवून आम्ही परत आलो.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. लॉकर बसवला तर गाडी वळणार नाही, आणि नाही बसवला तर मागे घसरेल. लॉकर असला तर ही आणखी उभ्या चढांवर जाईल, आणि नसला तर आहे त्याच चढावर अडकेल. ज्या बाजूने विचार करावा त्या बाजूला गाडी उलटत होती. दुपारी डोळा लागला तरी झोपेत पलंग कलल्यासारखा वाटायचा आणि मी दचकून उठायचो. मोबाइलवर लोकांचे व्हिडिओ बघायला लागलो, तर प्रत्येक व्हिडिओखाली एक जण लॉकरशिवाय घराबाहेर पडू नका म्हणत होता आणि दुसरा त्याला मूर्ख म्हणत होता.

चाळीत गोष्ट लपत नाही. पलीकडच्या खोलीतले, जन्मभर टॅक्सी चालवलेले गृहस्थ संध्याकाळी गॅलरीत मला गाठून म्हणाले, “पुढची चाकां बांधून घातलास तर गाडी वळतली कशी?” मी म्हटलं, “तेच तर मी म्हणतोय.” मग त्यांनीच थोडा विचार केला. “पण एकटी पोरगी डोंगरात. असलेलो बरो,” असं म्हणून ते आत गेले. माझी रात्रीची भूक गेली.

बायकोने मात्र एकच गोष्ट विचारली. “तिला का पाहिजे, ते विचारलंत का?”

“का म्हणजे? घाबरली ती चढाला.”

“असं ती म्हणाली?”

ती तसं म्हणाली नव्हती. पण घाबरलेला माणूस मला लांबून ओळखता येतो, असा माझा समज होता.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं गॅरेजला निघालो. मी तयारी करून बसलो होतो. परळच्या पुलाखाली नेहमीची गर्दी तुंबली आणि मी बोलायला सुरुवात केली. लॉकर नको. गॅरेजवाला स्वतः नको म्हणतोय. आडव्या उतारावर तू बटण विसरशील. टायर घे, माझ्याकडून घे. आणि चढ निवडताना जरा आपल्या ऐपतीचे निवड. हे सगळं मी ऑफिसात बोलायचो तसं, आवाज न चढवता, मुद्द्याला मुद्दा लावून बोललो. माझं संपलं तेव्हा ती म्हणाली, “पप्पा, गाडीला नकोच आहे तो.”

“मग?”

“चढ नाही जमला तर काय करायचं असतं माहितीये? काहीच नाही. रिव्हर्स टाकायचा आणि आलो त्याच वाटेने सरळ खाली यायचं. पहिल्या दिवशी तेच शिकवतात. गाडी घसरली तरी सरळ खाली येते, उलटत नाही. मी रिव्हर्स टाकला होता त्या दिवशी. ब्रेक सोडणारच होते. बाजूला बघते तर सीट रिकामी आणि दार उघडं.”

पुढची गाडी हलली. तिने आमची गाडी थोडी पुढे घेतली आणि पुन्हा थांबवली.

“आरशात तुम्ही नाही. कुठेच नाही. तुम्ही चाकाच्या बाजूला आहात की चाकाखाली, मला कसं कळणार? ब्रेक सोडला तर गाडी तुमच्या अंगावर. दाबून धरला तरी ती सरकतच होती. मागे सरकताना प्रत्येक वेळी मला वाटत होतं, आता चाक कशावर तरी चढेल, आणि ते तुम्ही असाल.” तिने हँडब्रेक ओढला. “गाडी चढावर मधे थांबलीच नाही, तर तुम्ही उतरणार नाही. म्हणून पाहिजे मला तो लॉकर.”

इतके दिवस मी ज्या गाडीला घाबरत होतो, तिच्यात ही माझ्यासाठी घाबरत होती.

“मी नाही उतरणार यापुढे,” मी म्हणालो.

“उतराल.” ती रागावून बोलली नाही. “त्या दिवशी तुम्ही ठरवून उतरलात का?”

मला खोटं बोलता आलं नाही. गाडी मागे सरकली की मी उतरणारच. शपथ घातली तरी उतरणार. कित्येक वर्षं जे हातांनी केलं ते जिभेने दिलेल्या शब्दाला जुमानणार नव्हतं.

“मग पहिल्यापासून मला घरी ठेवायचंस. सांगायचंस ना.”

“कसं सांगणार? तुम्ही एवढे घाबरता, आणि तरी येता.”

मागचे हॉर्न वाजवायला लागले होते. मी समोर बघत म्हणालो, “मग मी येत नाही. लॉकर राहू दे.”

तिचे खांदे खाली आले. इतके दिवस ते वर आखडलेले होते, हेही मला ते उतरल्यावरच कळलं. वाईट वाटलं मला, उगाच कशाला नाही म्हणू. बापाने येत नाही म्हटल्यावर पोरीला एवढं हलकं वाटावं. पुढच्या सिग्नलला तिने गॅरेजवाल्याला फोन लावला आणि म्हणाली, “दादा, फ्रंट लॉकर मागवू नका.” मग आम्ही गॅरेजला न जाता दादरला वळलो आणि मासे घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा तिच्याबरोबर ऑफिसातली मैत्रीण होती. मैत्रीण माझ्या जागेवर बसली आणि पट्टा लावून मोबाइल बघायला लागली, हँडलला तिने हातसुद्धा लावला नाही. गाडी अंगणातून बाहेर पडली. मी वर गॅलरीत उभा होतो. शेजारी बसून वाटायची त्याहून ही भीती मोठी होती, कारण इथे पकडायला काहीच नव्हतं. बायकोने चहा आणून दिला, तो तसाच निवला. काकींनी विचारलं, “तू नाय गेलंस?” मी मान हलवली. मोबाइल सारखा खिशातून काढून बघत होतो आणि तो वाजला तर काय ऐकायला लागेल, या धास्तीने परत खिशात ठेवत होतो.

दुपारी मैत्रिणीने एक व्हिडिओ पाठवला, ग्रुपमधल्या कोणीतरी बाजूला उभं राहून काढलेला. तो उघडायला माझी छाती होईना, म्हणून बायकोने उघडला. तोच चढ होता. गाडी अर्ध्यावर गेली, पुढचं चाक घळीवर येऊन हवेत फिरायला लागलं, आणि गाडी मागे सरकली. मी बायकोचा दंड धरला. एक क्षण गाडी थांबल्यासारखी झाली. मग मागचा, रिव्हर्सचा पांढरा दिवा लागला आणि मुलगी सरळ रेषेत, सावकाश, चढाच्या पायथ्यापर्यंत खाली आली. तिने घळ टाळून दुसऱ्या बाजूने गाडी लावली आणि वर चढून गेली. मैत्रीण हसत होती, मुलगी खिडकीतून हात हलवत होती.

बायको म्हणाली, “बघितलंत? चढली की.” मी ऐकलं, पण मी व्हिडिओ मागे नेऊन ती खाली येते तेवढाच तुकडा पुन्हा लावला, आणि मग पुन्हा लावला. तिच्या मागे उतारावर कोणी नव्हतं.